जपून ठेवलेली गाडी

वस्तू वापरली तर झिजते आणि नुसती ठेवून दिली तर खराब होते. मग ती जपायची म्हणजे माणसानं नेमकं करायचं काय? हा प्रश्न मला पुस्तकातनं पडलेला नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचं शिक्षण रानात झालं. प्रश्न पडला तो आमच्या थोरल्या बंधूंच्या मोटारसायकलीमुळं. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो.

आमचा भाग सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुक्याचा. आता टेंभू योजनेचं पाणी फिरलंय म्हणून ऊस दिसतो. तेव्हा ज्वारी, बाजरी आणि आभाळाकडं बघणं एवढंच होतं. घरटी एखादा तरी माणूस सोन्याचांदीच्या गलाईला बाहेर. कुणी तमिळनाडूत, कुणी केरळात, कुणी पार उत्तरेत. आप्पा गेले नाहीत. त्यांनी म्हशी धरल्या. 1994 साली दोन म्हशी विकून आणि पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी हिरो होंडा घेतली, सीडी 100. त्या गाडीची जाहिरातच अशा अर्थाची होती की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लिटरला ऐंशी किलोमीटर पळते म्हणायचे. आप्पा पेट्रोल विसरले असतील, गाडी कधी विसरले नाहीत. दुधाच्या किटल्या, पेंडीची पोती, सरकी, आजारी माणसं, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिच्यावरनं गेलं. आमच्या वस्तीवरची दोन बाळंतपणं तिच्यामुळं वेळेत दवाखान्यात पोचली. तेवीस वर्षं ती रोज चालली.

2017 च्या मार्चात एका संध्याकाळी आप्पा रानातनं आले, गाडी पडवीत स्टँडवर लावली, तांब्याभर पाणी प्याले आणि छातीत दुखतंय म्हणाले. शेजारची जीप काढली, पण विटा यायच्या आत सगळं संपलं होतं. तेरावं झाल्यावर गाडी पडवीतनं ढकलत जुन्या गोठ्यात नेली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. वहिनींनी त्या दिवशीच सांगितलं, गाडीला कुणी हात लावायचा नाही.

आणि कुणी लावला नाही. वहिनी मात्र दर दसऱ्याला ताडपत्री काढायच्या. ओल्या फडक्यानं टाकी पुसायच्या, हळदीकुंकू वाहायच्या, झेंडूचा हार घालायच्या आणि परत झाकायच्या. अशी सात वर्षं गेली. येणारंजाणारं माणूस म्हणायचं, वहिनींनी गाडी कशी जपलीया बघा, आजच शोरूममधनं आणल्यासारखी. खोटं नव्हतं ते. वरनं बघितलं तर रंग तसाच, चाकाच्या तारासुद्धा चमकायच्या.

2024 साली आप्पांची नात विट्याला नर्सिंगला लागली. तिचा बाप गलाईला कोइमतूरकडं, आई घरचं बघते. आमच्या वस्तीपासनं विटा चौदा किलोमीटर. सकाळची एसटी कधी आठला येते, कधी नवाला, कधी येतच नाही. नवी स्कूटर घ्यायची म्हणजे लाखाच्या आसपास, आणि त्या वर्षी तेवढा पैसा मोकळा नव्हता. पोरगी गिअरची गाडी मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर शिकली होती. एक दिवस मला म्हणाली, "तात्या, आजोबांची गाडी चालू करता येईल का हो?"

मी वहिनींच्या कानावर घातलं. त्या भाकरी थापत होत्या. थापायचं थांबवलं नाही. म्हणाल्या, "भावजी, आता ती त्यांची गाडी हाय. चालू झाली म्हंजे नुसती गाडी हुईल."

या बोलण्यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही वाटतं की त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. वापरातली वस्तू ही ज्याच्या हातात आहे त्याची होते. पोरगी बसली की आरसा तिच्या उंचीला फिरणार, सीटला तिचा आकार येणार, पेट्रोलच्या टाकीवर तिच्या कॉलेजचं स्टिकर लागणार. हँडलच्या रबरी मुठींवर आप्पांच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालेली जागा होती. उजव्या मुठीवर जास्त, डाव्या मुठीवर कमी. वहिनी दसऱ्याला त्या मुठी पुसताना जरा जास्त वेळ लावायच्या, हे मी बघितलेलं होतं. ते बाईमाणसाचं वेडेपण म्हणून सोडून द्यावं असं मला वाटलं नाही. मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो तो डोळ्यांसाठी. हाताला लागेल असं मागं फार थोडं उरतं.

महिनाभर कुणी विषय काढला नाही. मग एका सकाळी वहिनी स्वतःच म्हणाल्या, "चालू करू नका. पर खोलून तरी बघा, आत काय झालंय ते."

गावात एक मिस्त्री आहे, माझ्याच वयाचा. आप्पांची गाडी त्याच्याच हाताखालनं गेलेली. त्यानं आधी किक मारली नाही. प्लग काढला, त्या भोकातनं चमचाभर ऑईल सोडलं आणि किक हातानंच हळूहळू दाबत बसला. इतकी वर्षं एका जागी राहिलेला पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला असू शकतो. तिथं जोरात किक मारली तर रिंगा तुटायची भीती. थोड्या वेळानं किक खाली गेली. म्हणाला, "इंजिन जित्तं हाय."

मग टाकीचं झाकण उघडलं. वास पेट्रोलचा नव्हता, जुन्या वार्निशचा होता, जरा आंबूस. बॅटरी लावून आत बघितलं तर तळाला तांबडा गंज. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलेलं, फिल्टर हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. पण खरी घाण होती कार्बोरेटरमध्ये.

ज्यांनी कार्बोरेटर उघडलेला बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्याच्या खालच्या अंगाला एक लहान वाटी असते. टाकीतलं पेट्रोल नळीनं त्या वाटीत येतं. वाटीत एक फ्लोट असतो, पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो तसाच. वाटी भरली की तो वर तरंगतो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. पेट्रोल कमी झालं की तो खाली येतो आणि वाट उघडते. वाटीतलं पेट्रोल पितळी जेटांतनं वर ओढलं जातं, हवेत मिसळतं आणि इंजिनात जातं. मोठा जेट गाडी पळताना लागतो. बारका जेट गाडी सुरू व्हायला आणि जागेवर चालू राहायला. त्या बारक्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. उजेडाकडं धरून बघितलं की सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला पाहिजे.

मिस्त्रीनं परातीत कार्बोरेटर घेऊन वाटीचे स्क्रू काढले. आत पेट्रोलचा थेंब नव्हता. तळाला काकवीसारखा तपकिरी चिकटा, कडेनं पांढरी हिरवट पूड. फ्लोट त्या चिकट्यात बसलेला. बारका जेट सोडवून त्यानं उजेडाकडं धरला, मग माझ्याकडं दिला. उजेड दिसला नाही.

पेट्रोल फार दिवस पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेला हवेच्या संगतीनं घट्ट होत जातो. त्यात आणखी एक गोष्ट. 2003 पासनं आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये उसाच्या मळीचं इथेनॉल मिसळायला लागले. तेव्हा शंभरात पाच म्हणत होते, आता वीसपर्यंत गेलंय. त्यातनं कारखान्याला पैसा मिळतो, आम्हाला उसाचं बिल निघतं, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीला ते पेट्रोल आठ दिवसांत संपतं, त्यामुळं पाणी साठायला सवड मिळत नाही. उभ्या गाडीत मात्र ते पाणी तळाला जाऊन धातू खातं. म्हणजे आमच्याच उसानं थोडाफार हात लावला होता म्हणायचा.

मिस्त्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढायला लागला आणि थांबला. म्हणाला, "तात्या, कॉक चालूच हाय."

म्हणजे आप्पांनी गाडी लावली तेव्हा कॉक बंद केला नव्हता. जेवून परत एकदा बाहेर पडायचं असेल, नाहीतर पहाटे दुधाला जायचंच होतं. जुन्या गाड्यांना चार दिवस उभं करायचं असेल तर माणूस कॉक बंद करतो. रात्रीपुरती लावायची असेल तर चालूच ठेवतो. कॉक चालू, म्हणून वाटीतलं पेट्रोल आटेल तसं टाकीतनं नवं उतरत राहिलं. तेही घट्ट होत राहिलं. थरावर थर बसला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. एवढंच म्हणाल्या, "बंद करून गेलं न्हाईत. यायचंच हुतं त्यांना." मग मिस्त्रीला म्हणाल्या, "करा चालू."

आप्पा गेले तेव्हा वहिनी फारशा रडल्या नव्हत्या. कर्ज होतं, म्हशी होत्या, पोराचं बस्तान बसायचं होतं. रडायला सवड मिळाली नाही. ते सगळं तसंच आत राहिलेलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी माझ्याशी वाद घालत होतो. उभं राहणं वाईट म्हणावं तर रानाचं काय? आम्ही जमीन एखादं वर्ष पड टाकतो, तर ती सुधारते. गूळ, चिंच, तांदूळ हे जुनं झालेलंच चांगलं. दमलेला बैल दावणीला चार दिवस बांधला तर चौथ्या दिवशी तो जास्त ओढतो. म्हणजे थांबण्यात खोट नाही. मग गाडीचं काय बिघडलं?

उत्तर मला ठिबकच्या नळ्यांत सापडलं. हंगाम संपला की शहाणा शेतकरी नळ्यांच्या टोकाची बुचं काढतो, पाणी जोरात सोडून आतला गाळ बाहेर काढतो आणि मगच नळ्या गुंडाळतो. तसं केलं तर त्याच नळ्या पुढच्या हंगामाला चालतात. पाणी आत ठेवून गुंडाळल्या तर क्षार धरतो, शेवाळ धरतं आणि अर्धी भोकं मुकी होतात. दोन्हीकडं नळ्या सहा महिने पडूनच होत्या. फरक पडून राहण्यात नाही. आत काय राहिलं त्यात आहे.

पड टाकलेल्या रानात गवत उगवतं, ढोरं चरतात, किडे माती खालीवर करतात, पाऊस आत जातो. ते रान थांबलेलं दिसतं, बंद नसतं. कार्बोरेटर बंद होता आणि भरलेला होता. ज्या वस्तूचं कामच मुळी आपल्यातनं काहीतरी वाहू देणं आहे, ती भरून बंद ठेवली की तिला बाहेरच्या शत्रूची गरज नाही. जे तिला चालवत होतं तेच तिला बुजवतं. आप्पांच्या गाडीला गंजानं किंवा उंदरानं अडवलं नव्हतं. पेट्रोलनंच अडवलं होतं.

हे मी माणसांना लावून बघतो तेव्हा जपून बोलावं लागतं. आमच्या शिवारात दोन चुलत भाऊ आहेत. बांधावरनं एकदा शब्द झाला आणि बोलणं बंद पडलं, त्याला वीस वर्षं झाली. आज विचारलं तर कुणालाच नीट सांगता येत नाही की हात किती, वीत किती. तंटा केव्हाच उडून गेलाय, खाली चिकटा राहिलाय. ते न बोलता राहिले याचं मला वाईट वाटत नाही, माणसं चार दिवस तोंड फिरवतात. मनात होतं ते बाहेर न काढता थांबले, याचं वाटतं.

आणि अडलेलं मोकळं करायचीही एक रीत असते. मिस्त्रीनं जेट आधी रात्रभर भिजत घातले. सकाळी वायरीतली तांब्याची एक तार काढून ती भोकातनं फिरवली. मी म्हटलं, पोलादी तार घे की, लवकर होईल. म्हणाला, "पितळ मऊ असतं. पोलाद घातलं तर भोक मोठं हुतं. मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिणार." शेवटी पंक्चरवाल्याकडं जाऊन हवा मारली. उजेड दिसला. वहिनींना त्या महिन्यात कुणी घाई केली नाही हे बरं झालं, असं मला तेव्हा वाटलं.

दसऱ्याच्या पूजेचंही सांगायला पाहिजे. वहिनींच्या पूजेत भक्ती होती यात शंका नाही. पण आपल्या सणांची रीत बघा. बेंदराला बैलाच्या खांद्याला हळदलोणी लावतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी घालतात, कारण वर्षभर त्याच खांद्यावर जू असतं. खंडेनवमीला कोयता, खुरपं, नांगर पुजतात आणि मग तीच अवजारं परत रानात जातात. पूजा ही कामाच्या दोन दिवसांमधली विश्रांती आहे. फक्त पूजाच उरली तर ती अवजाराची राहत नाही, आपल्या दुःखाची होते. दुःखाची पूजा करू नये असं मी म्हणत नाही. तिचा हार गाडीच्या गळ्यात पडतो आणि गाडीला ते पेलत नाही, एवढंच.

मग काम सुरू झालं. टाकीत बारीक खडे घालून हलवून हलवून धुतली. पेट्रोलची नळी, कॉक, एअर फिल्टर, प्लग, ऑईल, दोन्ही टायर, ब्रेकचे लायनर, सगळं नवं. यादी वाढत गेली तशी वहिनींची जुनी शंका मलाही आली. एवढं बदलल्यावर ही आप्पांची गाडी राहिली का? पण आमच्या वाडवडलांची बैलगाडी आठवली. तिचं जू दोनदा बदललं, साटा बदलला, चाकांना कितीदा धावा चढवल्या. तरी ती शेवटपर्यंत आबांचीच गाडी होती, कारण आबांनंतर तिच्यात बसणारा प्रत्येक जण तसं म्हणत होता. नाव लाकडाला चिकटलेलं नसतं, म्हणणाऱ्याच्या तोंडात असतं.

मुठी बदलायची वेळ आली तेव्हा वहिनी पुढं आल्या. "त्या मला द्या," म्हणाल्या. मिस्त्रीनं साबणाचं पाणी सोडून जुन्या मुठी अलगद काढल्या. वहिनींनी त्या धुतल्या, पुसल्या आणि आपल्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवल्या. इथं मला त्यांचं शहाणपण माझ्या विचाराच्या पुढं गेलेलं दिसलं. मी अख्ख्या गाडीचा वाद घालत बसलो होतो. त्यांनी नेमकं ओळखलं की जपायला काय द्यायचं आणि चालायला काय द्यायचं. मुठीतनं काही वाहायचं नसतं. ती ट्रंकेत शंभर वर्षं राहिली तरी तुंबणार नाही.

गाडी सातव्या किकला चालू झाली. आधी चोक ओढून धडधडली, पांढरा धूर काढला, मग स्थिर झाली. नंतर कागदं झाली. सरकारचाही नियम असाच की पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी आणून दाखवायची, ती चालते हे सिद्ध करायचं, तरच ती गाडी. आधी वारस म्हणून वहिनींच्या नावावर झाली, मग तपासणीला नेली.

आता ती रोज अठ्ठावीस किलोमीटर पळते. म्हणजे रोज झिजते. क्लच गेला, चेन बदलली, परवा पुढचा दिवा फुटला. अजून सहासात वर्षांत ती भंगारात जाईल हे मला दिसतं आणि वहिनींनाही दिसतं. गोठ्यात ताडपत्रीखाली ती याहून जास्त दिवस दिसायला चांगली राहिली असती. तो तोटा खरा आहे, तो मी लपवत नाही. पण त्या अठ्ठावीस किलोमीटरांत एक पोरगी नर्स होत चाललीय, आणि आप्पांनी याच गाडीवरनं माणसं दवाखान्यात नेली होती.

मध्यंतरी पोरीला महिनाभर मिरजेला राहावं लागलं. जाताना तिनं गाडी गोठ्यासमोर उभी केली, कॉक बंद केला आणि इंजिन तसंच चालू ठेवून बसली. वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत दोनचार मिनिटं गेली. आवाज बारीक होत होत गाडी आपोआप बंद पडली. महिन्यानं आली तेव्हा कॉक उघडून तिसऱ्या किकला चालू.

रोज संध्याकाळी गाडी दारात आली की वहिनी चुलीपासनंच विचारतात, "कॉक बंद केलास का गं?" रात्रीपुरतं बंद करायची काही गरज नसते, हे पोरीला ठाऊक आहे. तरी ती वाकून करते आणि म्हणते, "केला, आजी."